क्लिच्को जास्तच सांभाळून लढला का? नाशिकच्या हॉलमधला एक प्रकरण अभ्यास

२८ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री जर्मनीत ड्युसेलडॉर्फला युक्रेनचा बॉक्सर व्लादिमिर क्लिच्को ब्रिटनच्या टायसन फ्युरीशी बारा राऊंड लढला. छत्तीस मिनिटांत त्याचे ५२ ठोसे लागले, म्हणजे राऊंडला चार-पाच. एप्रिल २००६ पासून हेवीवेटचा पट्टा, म्हणजे जगज्जेतेपद, सांभाळणारा माणूस, पट्टा जातोय हे त्याला दिसतंय आणि तरी उजवा हात सुटत नाही. दोन पंचांनी ११५-११२ आणि तिसऱ्याने ११६-१११ असे गुण फ्युरीच्या बाजूने दिले.

क्लिच्को कंटाळवाणा आहे, मारायला बिचकतो, अंगाला चिकटून वेळ काढतो, ही तक्रार त्याच्या पाठीमागे कितीतरी वर्षं होती. त्या रात्रीनंतर तक्रार करणाऱ्यांना पुरावाच मिळाला. माझ्या मते तो पुरावा अर्धाच आहे. उरलेला अर्धा शोधायचा तर त्याची सगळी कारकीर्द क्रमाने बघावी लागते.

आमच्या बॉक्सिंग हॉलमध्ये हा विषय निघाला तो एका मुलावरून. निफाड तालुक्यातून तो नाशिकला सरावाला येतो. घरची द्राक्षबाग, अंगाने थोराड, सगळ्यात वरचा वजनगट, हात लांब. डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा, आणि मागे सरकणं यावर त्याचा सगळा खेळ. गेल्या मोसमात जिंकलेल्या त्याच्या सगळ्या बाउट गुणांवरच्या. समोरचा एकदाही खाली गेला नाही. त्याचे चुलते जुने पहिलवान. सराव बघायला आले असताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "सर, पोरगं जिंकतंय, नाही म्हणत नाही. पण ते मारत नाही. भितंय ते." सरावाला मदत करणारे आमचे सुभेदार साहेब तोफखान्यातून निवृत्त झालेले, फौजेत बॉक्सिंग केलेले. त्यांचं मत बरोबर उलटं. "काका, ज्याला कमी लागतं तो जास्त वर्षं खेळतो."

दोघंही मानाची माणसं, आणि मुलगा मधल्यामध्ये. त्याची शैली बदलायची की नाही हे मला ठरवायचं होतं, आणि ते आवाज चढवून ठरणार नव्हतं. म्हणून सराव संपल्यावर क्लिच्कोच्या निवडक लढती सगळ्यांनी मिळून बघायचं ठरलं. अट एकच घातली: निकाल माहीत असला तरी प्रत्येकाने पंच होऊन राऊंडचे गुण कागदावर मांडायचे आणि लढत संपेपर्यंत शेजाऱ्याला दाखवायचे नाहीत.

काकांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आपल्याकडचा प्रेक्षक जत्रेतल्या कुस्त्यांवर वाढलेला. कुस्ती निकाली झाली पाहिजे, पाठ मातीला लागली पाहिजे, तर फेटा उडतो. गुणांवर सुटलेल्या कुस्तीला टाळ्या पडतात, पण घरी जाताना लोक पुटपुटतात. तीच नजर घेऊन माणूस बॉक्सिंग बघायला बसतो आणि बारा राऊंडनंतर दोघंही उभे असले की त्याला फसवल्यासारखं वाटतं. हेवीवेटमध्ये हे जास्तच, कारण तिथे एका ठोशात सगळं संपू शकतं हे प्रत्येकाला माहीत असतं आणि प्रत्येक जण त्याचीच वाट बघत असतो.

आधीचा क्लिच्को

बऱ्याच जणांना ठाऊक नसतं की हा माणूस सावध म्हणून सुरू झालाच नव्हता. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सुपर हेवीवेटचं सुवर्ण घेतलं, त्याच वर्षी व्यावसायिक झाला आणि समोर येईल त्याला उडवत गेला. सलग २४ विजय. मग डिसेंबर १९९८ मध्ये किव्हला, घरच्या लोकांसमोर, रॉस प्युरिटी नावाच्या अमेरिकन बॉक्सरने त्याला अकराव्या राऊंडमध्ये थांबवलं. प्युरिटी तोवर तेरा लढती हरलेला होता. क्लिच्को मार खाऊन नव्हे, दमून हरला. सुरुवातीच्या राऊंडमध्ये एवढं मारलं की शेवटी हात वर ठेवायलाही दम उरला नाही.

मार्च २००३ मध्ये हॅनोव्हरला डावखुऱ्या कॉरी सँडर्सने दोन राऊंडांत चार वेळा खाली पाडलं. एप्रिल २००४ मध्ये लास व्हेगासला लॅमन ब्रूस्टर. ही लढत मी मुलांना दोनदा दाखवली. पहिले चार राऊंड क्लिच्कोचेच. चौथ्यात ब्रूस्टर खाली गेला. मग क्लिच्कोने त्याला संपवण्यासाठी अंगात होतं नव्हतं ते ओतलं, आणि पाचव्यात त्याचेच पाय सुटले. लढत तिथेच थांबली.

काका हे सगळं नीट बघत होते. ब्रूस्टरची लढत संपल्यावर म्हणाले, "हा तर मारणारा गडी होता. मग पुढे याला झालं काय?" मला याच प्रश्नापर्यंत त्यांना आणायचं होतं.

झालं ते असं. डेट्रॉइटच्या क्रॉन्क जिमचे प्रशिक्षक इमॅन्युएल स्ट्युअर्ड नुकतेच त्याच्या कोपऱ्यात आले होते. ब्रूस्टरची हार त्यांच्याच देखत झाली. लोक म्हणत होते, याची हनुवटी काचेची आहे, ठोसा बसला की कोसळतो, हा संपला. स्ट्युअर्डनी त्याला सोडलं नाही. साडेसहा फूट उंची, २०६ सेंटीमीटर हातांचा पल्ला, उजव्या हातात घणाचं वजन. हे असताना जवळ जाऊन हाणामारी कशाला करायची? अंतर तू ठरव, वेळ तू ठरव, आणि दम शेवटच्या राऊंडपर्यंत पुरला पाहिजे. नंतरची सगळी शैली यावर उभी राहिली. लोकांना जो भित्रेपणा वाटतो तो मुळात तीन जखमांवरचा उपचार आहे.

उपचार लागू पडला का, हे सप्टेंबर २००५ मध्ये अटलांटिक सिटीत दिसलं. सॅम्युएल पीटरने त्याला तीन वेळा खाली पाडलं. आधीचा क्लिच्को तिथेच संपला असता. हा उठला, पुन्हा जॅबवर आला आणि तिन्ही पंचांकडून ११४-१११ ने जिंकला. बाराव्या राऊंडमध्ये उलट पीटरच डळमळला होता. सुभेदार साहेब टीव्हीसमोरून हलेनात. "भित्रा माणूस तिसऱ्यांदा उठत नाही," एवढंच बोलले.

डावा हात

मुलांना शिकवण्यासारखं सगळ्यात जास्त इथे आहे, म्हणून मी लढत थांबवून थांबवून दाखवली.

क्लिच्कोचा डावा हात निम्मा वेळ ठोसा मारतच नाही. तो पुढे ताणलेला असतो, समोरच्याच्या डोळ्यांपुढे धरलेला किंवा त्याच्या पुढच्या ग्लोव्हवर हलकेच टेकवलेला. समोरच्याला त्या ग्लोव्हच्या पलीकडचं नीट दिसत नाही. आत यायचं तर आधी हा हात बाजूला सारायला हवा. तो सारायला त्याने स्वतःचा हात हलवला की त्याचा गार्ड उघडतो, आणि तेवढ्यात मागून उजवा येतो. नाही सारला, तर तोच टेकवलेला हात जॅब होऊन नाकावर बसतो. कधी त्याच जागेवरून वळून हुक, म्हणजे बाजूने येणारा ठोसा, होतो, आणि तो हुक बघायला समोरच्याला वेळच मिळत नाही. बघणाऱ्याला वाटतं काहीच चाललेलं नाही. प्रत्यक्षात समोरचा माणूस प्रत्येक सेकंदाला एक चुकीचा पर्याय निवडत असतो.

या हातामागे पाय आहेत. समोरच्याने अर्धं पाऊल टाकलं की क्लिच्कोचं अर्धं पाऊल मागे, शरीर तेवढ्याच कोनात. हे कंटाळवाणं म्हणणाऱ्याने एकदा रिंगमध्ये उभं राहून लांब हाताच्या माणसासमोर तीन मिनिटं आत शिरायचा प्रयत्न करावा.

पण याच हाताची दुसरी बाजू आहे आणि तिची वकिली मी करणार नाही. समोरचा वाकून आत आलाच, तर क्लिच्को दोन्ही हात वरून टाकून मिठी मारतो आणि सुमारे ११० किलोचं वजन त्याच्या मानेवर सोडतो. चार-पाच वेळा असं झालं की समोरच्याचे पाय जड होतात. नियमांत हा फाऊल आहे. रेफ्री कडक असला तर गुण जातो, ढिला असला तर हेच शस्त्र होतं. ५ ऑक्टोबर २०१३ ला मॉस्कोत अलेक्झांडर पोव्हेत्किनविरुद्ध हे इतकं झालं की आमच्या मुलांनी मिठ्या मोजायचंच सोडून दिलं. पोव्हेत्किन २००४ चा ऑलिंपिक विजेता, तोवर एकही लढत न हरलेला. क्लिच्कोने त्याला चार वेळा खाली पाडलं, तिन्ही पंचांनी ११९-१०४ दिले, ढकलाढकलीबद्दल क्लिच्कोचा एक गुणही कापला गेला, आणि तरी लढत बघवत नाही. एप्रिल २०१५ मध्ये न्यूयॉर्कला ब्रायंट जेनिंग्जविरुद्ध दहाव्या राऊंडमध्ये मिठी मारल्याबद्दल पुन्हा गुण गेला. लोकांचा खरा राग या मिठीवर होता आणि तो रास्त होता. फक्त त्यांनी तो अंतर राखण्यावरही काढला. अंतर राखणं ही कला आहे. मिठी ही रेफ्रीच्या सहनशीलतेवर काढलेली उधारी आहे.

हिशेब

बचावात्मक म्हणून हिणवल्या गेलेल्या या माणसाचा एकूण हिशेब ६४ विजयांचा, त्यातले ५३ नॉकआउट. हरला फक्त पाच. २००६ मध्ये क्रिस बर्डकडून पट्टा घेतल्यापासून फ्युरीपर्यंत त्याने १८ वेळा तो राखला. यातल्या गुणांवर गेलेल्या लढती पाचच: इब्रागिमोव्ह, डेव्हिड हे, वाख, पोव्हेत्किन आणि जेनिंग्ज. उरलेल्या तेरा वेळा समोरचा शेवटच्या घंटेपर्यंत टिकला नाही. मी हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा काकांनी तो दोनदा वाचून घेतला.

मग लोकांच्या लक्षात तेरा का राहत नाहीत आणि पाचच का राहतात? कारण त्या पाचांतल्या मोठ्या लढतींकडूनच लोकांच्या अपेक्षा मोठ्या होत्या. फेब्रुवारी २००८ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला इब्रागिमोव्हविरुद्ध दोन पट्टे एकत्र येणार होते आणि प्रेक्षकांनी अर्ध्या लढतीतच हुर्यो सुरू केली. जुलै २०११ मध्ये हॅम्बर्गच्या लढतीआधी डेव्हिड हे याने महिनोन्महिने तोंड चालवलं होतं, लोकांना रक्त हवं होतं, मिळाले बारा शहाणे राऊंड. त्यात डेव्हिड हे स्वतःच लांब पळत होता, ते कुणी लक्षात ठेवत नाही.

कोपऱ्यातला आवाज

मार्च २०१० मध्ये ड्युसेलडॉर्फला एडी चेंबर्स समोर होता. क्लिच्को प्रत्येक राऊंड जिंकत होता, पण संपवत नव्हता. राऊंडच्या मधल्या मिनिटात स्ट्युअर्ड त्याच्यावर अक्षरशः खेकसले: जा, संपव. बाराव्या राऊंडची शेवटची पाच सेकंद उरली असताना डावा हुक बसला आणि चेंबर्स गेला. हात मागे ठेवण्याची सवय मोडू शकत होती, पण मोडायला कुणीतरी सांगावं लागत होतं.

ऑक्टोबर २०१२ मध्ये स्ट्युअर्ड वारले. त्यांच्या हाताखालचे जॉनाथन बँक्स कोपऱ्यात आले.

मी इथेच मत मांडून मोकळा होणार होतो, पण निफाडच्या त्या मुलाने हात वर केला. "सर, पण पुलेव्हला तर त्याने स्ट्युअर्ड नसतानाच झोपवलं." बरोबर होतं. नोव्हेंबर २०१४, हॅम्बर्ग. कुब्रात पुलेव्ह पहिल्याच राऊंडमध्ये खाली गेला आणि पाचव्यात लढत संपली. क्लिच्को त्या रात्री सुरुवातीपासून पुढे होता. म्हणजे कोपऱ्यातला आवाज हे सगळं उत्तर नाही. सुरुवातीपासून घाव बसत असेल तर तो स्वतःहून मारत होता. न बसणाऱ्या रात्री, लढतीच्या मध्यावर गिअर बदलणं त्याला एकट्याला जमत नव्हतं. हा फरक मुलाने पकडला याचं मला फार बरं वाटलं.

फ्युरीची रात्र तशीच होती. फ्युरी पावणेसात फूट, हातांचा पल्ला २१६ सेंटीमीटर. साडेनऊ वर्षांची सगळी गणितं समोरच्याचा हात आपल्यापेक्षा आखूड आहे या गृहीतावर बसवलेली. फ्युरी कधी डावखुरा होतो, कधी हात पाठीमागे नेतो, डोकं सतत हलतं. क्लिच्को खात्रीच्या उजव्याची वाट बघत राहिला आणि खात्री आलीच नाही. बाराव्या राऊंडमध्ये तो पुढे आला, ठोसे लागलेही, पण तोवर गुण गेले होते. आमच्या कागदांवर सातव्या राऊंडपर्यंत जवळजवळ सगळ्यांनी फ्युरीला पुढे दाखवलं होतं. पुढे असताना वाट बघणं शहाणपणाचं असतं. मागे असताना तीच वाट बघणं म्हणजे हार मान्य करून फक्त घंटेची सोबत करणं. माझा आरोप आहे तो इथे, आणि एवढाच.

वेम्बलीचा सातवा राऊंड

२९ एप्रिल २०१७, लंडनचं वेम्बली स्टेडियम. ९०,००० लोक. क्लिच्को ४१ वर्षांचा, दीड वर्ष रिंगबाहेर. समोर २७ वर्षांचा अँथनी जोशुआ, अठरापैकी अठरा नॉकआउट. पाचव्यात क्लिच्को खाली गेला, उठला आणि त्याच राऊंडच्या शेवटी जोशुआलाच हलवून गेला. सहाव्यात त्याचा उजवा बसला आणि जोशुआ व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदाच जमिनीवर.

इथे मी टीव्ही बंद केला आणि विचारलं, आता काय करायचं? काका ओरडलेच, "जा ना, धर त्याला!" सुभेदार साहेब म्हणाले, "श्वास घ्या आधी." मुलगा गप्प होता.

तेरा वर्षांपूर्वी ब्रूस्टर खाली गेला तेव्हाही हाच पेच होता. तेव्हा त्याने सगळं ओतलं आणि पाय गमावले. वेम्बलीत त्याने हात आखडता घेतला. त्याच्या मनात ब्रूस्टर होता का, ते तोच जाणे. पण ज्याचं शरीर एकदा तसं रिकामं झालंय त्याला ते विसरता येत नाही, असं मला प्रशिक्षक म्हणून वाटतं. सातवा, आठवा, नववा, दहावा. लांबून जॅब, चांगला जॅब, पण जोशुआला श्वास परत आणायला पुरेसा वेळ. अकराव्यात जोशुआचा अपरकट, खालून वर येणारा ठोसा, आला, क्लिच्को दोनदा खाली पडल्यावर रेफ्रीने लढत थांबवली. त्या क्षणी दोन पंचांकडे जोशुआ पुढे होता, ९६-९३ आणि ९५-९३. तिसऱ्याकडे ९५-९३ ने क्लिच्को. इतकी अटीतटीची.

म्हणजे एकाच पेचात एकदा धावून हरला, एकदा थांबून हरला. निकालावरून शैली जोखणाऱ्याला यातून काही हाती लागत नाही. मी मुलांना सांगितला तो मधला मार्ग: सातव्याच्या पहिल्या मिनिटात दोन ठोसे पोटाला, एक उजवा वर, आणि लगेच बाहेर. जोशुआचे पाय खरंच गेलेत की नाही, एवढं तपासायचं. त्याला सगळा दम लागत नाही, पंधरा सेकंद लागतात. क्लिच्कोने तपासलंच नाही. दमणं परवडत नव्हतं हे मान्य. तपासणंही परवडत नव्हतं, हे मला पटत नाही.

आमच्या मुलाचं काय

हौशी बॉक्सिंगमध्ये बारा राऊंड नसतात. तीन राऊंड, प्रत्येकी तीन मिनिटं, पाच पंच, प्रत्येक राऊंडच्या विजेत्याला दहा गुण. पहिला राऊंड हातातून गेला की उरलेले दोन्ही घ्यावेच लागतात. क्लिच्कोसारखं चार राऊंड थांबून बघू म्हणायची सोयच नाही. त्यामुळे त्याची शैली आपल्याकडे उचलायची तर ती कातरूनच घ्यावी लागेल.

जॅब आणि अंतर तसंच ठेवायचं. ती त्या मुलाची देणगी आहे, आणि भीतीने मागे सरकणाऱ्याचे पाय आधी जुळतात, त्याचे जुळत नाहीत. हे मी काकांना चित्रफितीत थांबवून दाखवलं आणि त्यांनी मान्य केलं. मिठी मात्र पूर्ण बंद. स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, मिठी मारली की राऊंड समोरच्याला.

आणि एक नवा सराव. स्पॅरिंगच्या मध्ये मी त्याला गुण सांगतो, कधी खरे, कधी मुद्दाम खोटे: "तू मागे आहेस." मागे असेल तर पुढच्या तीस सेकंदांत जॅबमागून उजवा निघालाच पाहिजे, लागो न लागो. सुरुवातीला मी कोपऱ्यातून हाक द्यायचो. आता हाक बंद केली आहे. त्याने स्वतः ओळखायचं.

सुभेदार साहेबांनी मध्येच सतीश कुमारची आठवण काढली. ऑलिंपिकला पोचलेला भारताचा पहिला सुपर हेवीवेट, तोही फौजेतला. टोकियोत उपांत्यपूर्व फेरीत चेहऱ्यावर १३ टाके घेऊन तो उझबेकिस्तानच्या जलोलोव्हसमोर उतरला आणि हरला. मुलांना वाटलं साहेब शौर्याचं उदाहरण देतायत. साहेबांना सांगायचं होतं ते आधीच्या बाउटचं: ते टाके पडले कसे, आणि जिंकलेल्या लढतीत डोकं थोडं लांब ठेवता आलं असतं का.

निवड चाचणीसाठी ठरलेलं असं: पहिला राऊंड गेला तर दुसऱ्यात उजवा सोडायचाच. पहिला मिळाला तर बाहेरून कितीही आवाज आले तरी अंतर सोडायचं नाही. काकांना यातला पहिला भाग पटलाय, दुसरा नाही. जिंकत असताना थांबायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि सातव्या राऊंडचं उदाहरण ते आता माझ्याच तोंडावर फेकतात. मी त्यांना ब्रूस्टरचा पाचवा दाखवतो. त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.